गाडीच्या दाराला पडलेला पोचा तसाच ठेवलाय, आता विमा कंपनी म्हणते दुरुस्त करून बिल पाठवा. काय करावं?

नीलमोहर
नमस्कार, विम्यातलं किंवा गाडीच्या कामातलं ज्यांना कळतं त्यांनी प्लीज सांगा, मला नक्की कोणाचं ऐकायचं तेच समजत नाहीये.

मागच्या वर्षी गाडी पार्किंगमध्ये उभी होती आणि एकाने रिव्हर्स घेताना मागच्या डाव्या दाराला आणि त्याला लागून असलेल्या क्वार्टर पॅनलला (दारामागचा, मागच्या चाकावरचा बॉडीचा पत्रा) ठोकलं. चूक त्याची होती, त्याने मान्यही केली, मग त्याच्या विमा कंपनीने सर्व्हे केला आणि दुरुस्तीचा जो अंदाज निघाला तेवढे पैसे थेट माझ्या खात्यात टाकले. माझ्या पॉलिसीवर मी क्लेम केलेलाच नाही. दार नीट उघडतं-लागतं, पाणी आत येत नाही, दिवे ठीक आहेत, फक्त दाराला पोचा आहे आणि दोन्ही पॅनलवर चरे आहेत. तेव्हा घरात जास्त गरजेचे खर्च होते म्हणून पैसे तिकडे वापरले आणि गाडी तशीच चालवतेय.

आता रिन्यूअल आलंय. माझ्या कंपनीने फोटो मागितले, मी आहेत तसे पाठवले. त्यावर मेल आला की ३० दिवसांत दुरुस्ती करून बिल आणि नंतरचे फोटो पाठवा, नाहीतर 'गाडीच्या डाव्या बाजूचं कुठलंही नुकसान' कव्हरमधून वगळण्यात येईल. फोन केला तर तिथला माणूस वर म्हणाला की दुरुस्ती केली नसेल तर मिळालेले पैसे परत करावे लागतात. हे ऐकून मला खरंच घाबरायला झालं. असं असतं का? आणि मी दुरुस्ती करायचीच नाही असं ठरवलं तर माझी पॉलिसीच बंद करतील का, उद्या समोरून ठोकलं तरी हेच कारण पुढे करतील का?

साधंसरळ
ताई, आधी शांत व्हा, यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या गेल्यात म्हणून ते एवढं मोठं वाटतंय.

पैसे परत करायचा मुद्दा आधी घेऊ. पैसे दिले कोणी? समोरच्याच्या कंपनीने. मागतंय कोण? तुमची कंपनी, जिने तुम्हाला यातलं काहीच दिलेलं नाही. जे दिलंच नाही ते परत कसं मागणार! समोरच्याने तुमच्या गाडीचं नुकसान केलं, त्या नुकसानीची भरपाई म्हणून ते पैसे आले. गाडीची किंमत कमी झाली ती त्या क्षणी झाली, तुम्ही नंतर दुरुस्त करा, तशीच विका, नाहीतर तशीच चालवा, नुकसान झालेलंच आहे. पैसे देताना 'दुरुस्तीचं बिल दाखवल्यावरच उरलेली रक्कम' अशी काही अट सेटलमेंटच्या कागदावर होती का तेवढं बघा. काही कंपन्या कराची रक्कम किंवा थोडा भाग बिल आल्यावर देतात, तेव्हा तो भाग मिळत नाही एवढंच, आधी मिळालेलं परत जात नाही.

दुसरी गोष्ट दुरुस्तीची सक्ती. रिन्यूअल म्हणजे नवा करार, त्यामुळे कंपनी अटी घालू शकते, हे मान्य करावं लागेल. पण पॉलिसी चालू असताना मधेच उठून 'पोचा काढा नाहीतर कव्हर नाही' म्हणायचं असेल तर तसं कलम पॉलिसीत आधीच लिहिलेलं पाहिजे. म्हणून तुमची जुनी पॉलिसी कधी संपतेय ती तारीख महत्त्वाची आहे.

तिसरी म्हणजे ते वगळणं, आणि माझ्या मते खरी काळजी त्याचीच करा. 'डाव्या बाजूचं कुठलंही नुकसान' म्हणजे पुढचं डावं दार, डावा आरसा, डावं चाक, डावा हेडलाइट सगळं आलं. तुमचा पोचा एका दाराला आहे आणि ते अख्खी बाजू काढून घेतायत. हे मुळीच मान्य करू नका.

फोनवर काय बोलले ते सोडून द्या. मेल टाका, 'कुठल्या कलमाखाली मागताय ते कळवा', एवढंच. फोनवर माणूस काहीही बोलतो, लिहून द्यायची वेळ आली की विचार करून लिहितो.

मायक्रॉन
मी बरीच वर्षं सर्व्हेअर, म्हणजे क्लेम आल्यावर नुकसानीची पाहणी करणारा, म्हणून काम केलंय, आता निवृत्त आहे. कंपनी हे का करते ते सांगतो, म्हणजे कुठे भांडायचं आणि कुठे नाही ते तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

विम्याचं मूळ तत्त्व नुकसानभरपाईचं आहे, नुकसान झालं तेवढं भरून द्यायचं, त्यातून फायदा होऊ द्यायचा नाही. यावरचा गाजलेला निकाल इंग्लंडमधला आहे, १८८३ सालचा कॅस्टेलेन विरुद्ध प्रेस्टन. एका माणसाने घर विकायचा करार केला, व्यवहार पुरा व्हायच्या आत आग लागली, विमा कंपनीने पैसे दिले, आणि नंतर खरेदीदारानेही ठरलेली पूर्ण किंमत दिली. म्हणजे त्याचं नुकसान शेवटी काहीच उरलं नाही, म्हणून कोर्टाने कंपनीचे पैसे परत द्यायला लावले. तुम्हाला फोनवर जे सांगितलं गेलं त्याचं मूळ इथे आहे, पण ते तुम्हाला लागू होत नाही. तुम्ही जर आधी स्वतःच्या कंपनीकडून त्याच पोचाचे पैसे घेतले असते आणि मग समोरच्याकडूनही घेतले असते तर परत द्यावे लागले असते. तुम्हाला एकदाच मिळालेत. प्रश्न मिटला.

मात्र हेच तत्त्व पुढे तुमच्या विरुद्ध जाऊ शकतं ते लक्षात ठेवा. उद्या त्याच दाराला पुन्हा कोणी ठोकलं आणि तुम्ही तुमच्या पॉलिसीवर क्लेम केला, तर सर्व्हेअर जुना पोचा आणि चरे वजा करणारच, आणि ते बरोबर आहे. त्या दाराच्या रंगकामाचे पैसे तुम्हाला एकदा मिळालेले आहेत. दार रंगवायचं म्हटलं की अख्खं रंगवावं लागतं, त्यामुळे नवा चरा जुन्या चऱ्याच्या बाजूला असला तरी रंगकामाचा खर्च तोच असतो, आणि तिथेच वाद होतात. नव्या धडकेत दार इतकं चेपलं की बदलावंच लागतंय, तर जुन्या पोच्याचा खर्च वजा करून उरलेला द्यायला पाहिजे, 'आधीच खराब होतं' म्हणून पूर्ण नाकारता येत नाही.

जुनं-नवं आम्ही ओळखतो कसं तेही सांगतो. जुन्या चऱ्यात मळ आणि वॅक्स बसलेलं असतं, पत्रा उघडा पडला असेल तर गंज धरलेला असतो, ताज्या चऱ्याच्या कडा स्वच्छ असतात आणि समोरच्या गाडीचा रंग लागलेला असतो. धडकेची जमिनीपासूनची उंची दोन्ही गाड्यांची जुळते का बघतो. रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र असतं, कारखान्यातून आलेला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो, त्याच्या दुप्पट-तिप्पट आला तर पॅनल पुन्हा रंगवलंय असं समजायचं, आणि हजाराच्या पुढे गेला की खाली पुट्टी आहे. म्हणजे कोणी आज वरवर रंग मारून 'काही झालंच नव्हतं' म्हणायला गेला तर ते लपत नाही.

म्हणून तुम्ही जे केलंत, खरे फोटो पाठवलेत, ते फार चांगलं केलंत. विमा घेताना विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर देणं हा सगळ्या विम्याचा पाया आहे. खोटं निघालं की कंपनीच्या हातात पोच्यापेक्षा कितीतरी मोठं हत्यार जातं, मग समोरून ठोकलेल्या गाडीचाही क्लेम अडतो. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्यामुळे असं की सांगितलेला जुना पोचा हा समोरच्या धडकेचा क्लेम नाकारायचं कारण होऊ शकत नाही, कारण त्या धडकेशी त्याचा काही संबंध नाही. थर्ड पार्टीचा, म्हणजे तुमच्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर जो भाग लागतो, त्याचाही तुमच्या दाराच्या रंगाशी काडीचा संबंध नाही.

आणखी एक, हे कोणी सांगत नाही. गाडी चोरीला गेली किंवा टोटल लॉस झाली, म्हणजे दुरुस्त करणं परवडणार नाही इतकी मोडली, तर कंपनी किंमत ठरवताना जुनं नुकसान वजा करते. तेव्हा त्या वजाबाकीत दुरुस्तीचा पूर्ण अंदाज टाकतात. तुम्ही म्हणायचं की दुरुस्तीचा खर्च नको, त्या पोच्यामुळे बाजारात किंमत किती कमी झाली असती ते वजा करा. नव्या गाडीत दोन्ही आकडे जवळजवळ असतात, जुन्या गाडीत खूप फरक पडतो, कारण जुनी गाडी घेणारा माणूस थोडे चरे असतील असं धरूनच येतो.

पत्राआणिरंग
मायक्रॉन सरांनी कागदाची बाजू सांगितली, मी पत्र्याची सांगतो, कारण 'फक्त दिसायला खराब आहे' हे आधी खरं आहे का ते बघायला पाहिजे आणि ते फोटोवरून कोणालाच सांगता येत नाही, कंपनीलाही नाही.

दार हे बोल्टवर असतं, काढता येतं, बदलता येतं. क्वार्टर पॅनल तसं नाही, ते बॉडीला वेल्ड केलेलं असतं, बदलायचं म्हणजे कापून नवीन वेल्ड करायचं, म्हणून त्याचा अंदाज मोठा निघतो आणि कंपनीही त्यालाच घाबरते. तुमच्या दाराच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का बघा. सारखी असेल तर आतलं काही हललेलं नसण्याची शक्यता जास्त. मागच्या बंपरचा कोपरा त्या पॅनलला कसा बसलाय तेही बघा. बंपर वरून प्लॅस्टिक असतो, दाबला जाऊन परत मूळ आकारात येतो आणि बाहेरून छान दिसतो, पण आतली फोमची पट्टी किंवा क्लिपा तुटलेल्या असतात.

आणि गाडीत ब्लाइंड स्पॉटचा इशारा देणारी सिस्टिम आहे का? असेल तर त्याचे रडार मागच्या बंपरच्या कोपऱ्यात आतल्या बाजूला असतात, त्याच्या जवळच तुमच्या गाडीला धक्का बसलाय. ब्रॅकेट किंचित वाकला तरी ते चुकीच्या दिशेला बघतं. अशा ठिकाणी पुट्टी भरायची नसते, रंगाचे थर वाढवायचे नसतात, बरेच गाडी बनवणारे तर स्पष्ट मनाई करतात. म्हणून हे काम कुठेही करून घेऊ नका, ज्याला कॅलिब्रेशन, म्हणजे रडार पुन्हा अचूक जुळवणं, कळतं त्याच्याकडेच न्या.

चऱ्यांचं म्हणाल तर नखाने बघा. नख अडकत नसेल तर चरा वरच्या क्लिअर कोटमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात आहे, पॉलिशने बराच जातो. नख अडकतंय पण खाली राखाडी दिसतंय तर प्रायमर आहे. चकचकीत धातू दिसतोय किंवा तांबूस झालाय तर उशीर करू नका, पूर्ण रंगकाम नाही केलं तरी चालेल पण निदान गंज घासून प्रायमर आणि टचअप मारून घ्या. गंज रंगाच्या खाली बाजूला सरकत जातो आणि काही काळाने पापुद्रे फुगतात. हे विम्यासाठीही महत्त्वाचं आहे, कारण अपघाताचं नुकसान वेगळं आणि गंज वेगळा, गंजाला कोणी पैसे देत नाही आणि 'तुम्ही वाढू दिलात' हे कंपनीचं म्हणणं तिथे योग्य ठरतं.

पोच्यावरचा रंग फाटला नसेल तर दार आतून दाबून, रंग न लावता पोचा काढता येतो. पॅनलची कडा किंवा बॉडीलाइन मोडली नसेल तर हे छान जमतं. अख्ख्या रंगकामापेक्षा बरंच स्वस्त पडतं आणि मूळ रंग शाबूत राहतो.

चौथागिअर
माझं मत वेगळं आहे. एवढा पत्रव्यवहार करण्यापेक्षा दुरुस्त करून टाका ना. पैसे त्यासाठीच मिळाले होते. गाडी विकताना घेणारा त्या पोच्यावर बोट ठेवून मनाला येईल तेवढी किंमत पाडतो. आणि गाडीवर कर्ज आहे का हे कोणी विचारलंच नाही. कर्ज असेल तर करारात गाडी चांगल्या स्थितीत ठेवायची अट असते, पॉलिसीवर त्यांचं नाव असतं, आणि सर्वसमावेशक विमा चालू ठेवणंही बंधनकारक असतं. कंपनीने अर्धं कव्हर काढलं आणि कर्ज देणाऱ्याला कळलं तर ते स्वतःच महागडा विमा काढून तुमच्या हप्त्यात टाकू शकतात. लीजवर असेल तर विषयच संपला, गाडी परत देताना प्रत्येक पोच्याचे पैसे लावतात.

साधंसरळ
चौथागिअर, कर्ज आणि लीजचा मुद्दा शंभर टक्के बरोबर, तो मला खरंच सुचला नाही. पण 'पैसे त्यासाठीच मिळाले होते' हे पटत नाही. तिची गाडी तिची आहे. दुसऱ्याने तिची वस्तू खराब केली, भरपाई मिळाली, ती कशात घालायची हा तिचा निर्णय. घरात गरज असताना माणसाने दाराच्या रंगाला पैसे घालावेत असं कुठलाही कायदा सांगत नाही आणि कुठल्याही विमा कंपनीने तसं सुचवू नये. कंपनीचा हक्क एवढाच, की त्याच पोच्यासाठी दुसऱ्यांदा पैसे द्यायचे नाहीत.

नीलमोहर
सगळ्यांचे खूप आभार, मी सगळं दोनदा वाचलं. कर्ज फिटलंय, गाडी पूर्ण माझ्या नावावर आहे. सेटलमेंटचा कागद काढून बघितला, त्यात बिलाची अट नाही, 'पूर्ण व अंतिम तडजोड' एवढंच आहे. ब्लाइंड स्पॉट सिस्टिम नाही, फक्त पार्किंग सेन्सर आहेत आणि ते चालतात. नखाने बघितलं, दारावरचे चरे वरवरचे आहेत पण क्वार्टर पॅनलवर चाकाच्या कमानीजवळ एका ठिकाणी धातू दिसतोय, अजून लाल झालेला नाही.

जुनी पॉलिसी संपायला अजून वेळ आहे. मी मेल टाकला, की पैसे परत आणि ३० दिवसांची मुदत हे कुठल्या कलमाखाली ते कळवा. उत्तर आलंय, त्यात पैसे परत करायचा उल्लेखच नाही. आता म्हणतायत की दुरुस्ती 'अपेक्षित' आहे आणि नाही केली तर एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडलेली लेखी अट, लागेल. पण शब्द तेच आहेत, डाव्या बाजूचं कुठलंही नुकसान. मी काय लिहून मागू?

मायक्रॉन
हे महत्त्वाचं आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो. एंडोर्समेंटमध्ये चार गोष्टी असल्याच पाहिजेत. कुठलं पॅनल, त्यावर काय नुकसान, कुठल्या तारखेच्या फोटोत दिसतं तसं, आणि ते दुरुस्त झाल्यावर अट कशी निघेल. साधारण असं लिहा:

'मागील डावे दार व डावे मागील क्वार्टर पॅनल यांवर सोबतच्या फोटोंत दिसणारा पोचा व चरे हे पॉलिसी सुरू होण्याआधीचे असून त्यांच्या दुरुस्तीचा खर्च या पॉलिसीत देय नाही. याच पॅनलना नंतर झालेले वेगळे नुकसान, तसेच गाडीच्या इतर सर्व भागांचे नुकसान, पॉलिसीच्या अटींप्रमाणे देय राहील. दुरुस्तीनंतर तपासणी करून ही अट काढण्यात येईल.'

मधलं वाक्य सोडू नका. ते नसलं की उद्या अख्खं दार फाटलं तरी 'हे पॅनल वगळलेलं आहे' म्हणून हात वर करतात. मी स्वतः अशा फाइली बघितल्यात, माणसाचं म्हणणं बरोबर असायचं पण कागदावर एकच मोघम ओळ, आणि आमच्यासारख्यालाही त्या ओळीपलीकडे जाता यायचं नाही. फार वाईट वाटायचं.

फोटो दिवसाउजेडी काढा, एक लांबून नंबर प्लेटसकट, मग प्रत्येक पॅनलचा जवळून, पोच्याशेजारी पट्टी धरून म्हणजे आकार कळेल. बाकीच्या गाडीचेही चारही बाजूंनी काढा, कारण पुढचं डावं दार आज ठणठणीत आहे याचा पुरावा तुमच्याकडेच हवा. मूळ फाइली ठेवा, चॅटवरून पाठवलेल्या कॉपीतून तारखेची माहिती बऱ्याचदा निघून जाते.

पत्राआणिरंग
कमानीजवळचा धातू या आठवड्यातच झाकून घ्या ताई, बाकीचं नंतर बघू. तिथे चाकाचं पाणी आणि चिखल सतत उडतो. आणि गॅरेजवाल्याकडून एका कागदावर लिहून घ्या की बॉडीच्या सांगाड्याला धक्का नाही, दार, कुलूप, सेन्सर व्यवस्थित चालतात. कंपनीची खरी भीती ती असते, रंगाची नसते.

नीलमोहर
अपडेट देतेय. गॅरेजमध्ये दाखवलं, सांगाडा ठीक आहे असं सही-शिक्क्यासह लिहून दिलं. कमानीजवळ टचअप करून घेतलं. दाराचा पोचा रंग न लावता निघेल म्हणाले आणि खर्च झेपण्यासारखा होता म्हणून तो काढून घेतला, चरे पॉलिशने जवळजवळ गेले. क्वार्टर पॅनल तसंच ठेवलंय, त्याचं मोठं काम सध्या नाही करणार.

मग सरांचा मजकूर फक्त क्वार्टर पॅनलपुरता बदलून फोटो आणि गॅरेजचा कागद जोडून पाठवला. आधी नाही म्हणाले, आमचा ठरलेला फॉरमॅट आहे. मी लिहिलं की मग फॉरमॅटमध्ये पुढच्या डाव्या दाराचं नुकसान कुठल्या कारणाने वगळताय ते कळवा, आणि हा मेल तक्रार निवारण विभागालाही पाठवला. त्यानंतर दुसऱ्या कोणाचा तरी फोन आला, त्यांनी नीट ऐकून घेतलं, आणि काल सुधारित एंडोर्समेंट आलं. एकच पॅनल, फोटोंचा उल्लेख आहे, मधलं वाक्यही आहे. शेवटची ओळ, दुरुस्तीनंतर अट काढण्याची, ती मात्र नाही घातली, वेगळ्या मेलमध्ये 'तपासणीनंतर विचार करू' असं लिहिलंय. एवढ्यावर सही करू का?

मायक्रॉन
करा. तो मेल पॉलिसीच्या फाइलमध्ये प्रिंट काढून लावा. ज्या दिवशी ते पॅनल दुरुस्त कराल त्या दिवशी बिल आणि फोटो पाठवून तपासणी मागा, रिन्यूअलपर्यंत थांबू नका. अशा अटी आपोआप निघत नाहीत, वर्षानुवर्षं पुढच्या पॉलिसीत कॉपी होत राहतात. आणि कंपनी बदललीत तर नव्या कंपनीच्या फॉर्ममध्ये त्या पॅनलबद्दल आत्ता सांगितलंत तसंच सांगा, हाच फोटोंचा संच लावून.